उसना वाघ

मी आयुष्यात एकच चोरी केली, पण केली ती अख्ख्या जिल्ह्याची. चंद्रपूर चोरलं मी. दिवसाढवळ्या, घरमालकाच्या डोळ्यांत बघून, नवरा शेजारी उभा असताना. आणि तो जिल्हा मी तोवर नकाशातसुद्धा नीट पाहिला नव्हता. शाळेत महाराष्ट्राचा नकाशा भरताना माझी पेन्सिल उजव्या टोकाला पोचायच्या आत तास संपायचा.

लग्न झालं आणि आम्ही सोलापूरकडून बोईसरला आलो. यांना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती. राहायला होतो यांच्या मित्राच्या एका खोलीत. तिथे मित्र, त्याची आई, तिचं शिलाई मशीन आणि आम्ही दोघं. ती माउली रोज सकाळी चहाचा कप हातात देताना विचारायची, "मग, बघितली का कुठं खोली?" तो चहा घशाखाली उतरत नसे. शेवटी कुणीतरी सांगितलं, सरावलीत एक चाळ आहे, खोली रिकामी आहे, पण मालक जरा... पुढचा शब्द न उच्चारता त्याने कपाळापाशी बोट गोल फिरवलं.

मालक अंगणात ताडाच्या ओंडक्यावर बसले होते. कमरेला पंचा, अंगात बनियन, आणि बिडी असावी तसा कानावर रंगाचा ब्रश. नाव, गाव, जात, पगार, पोरंबाळं, काही म्हणजे काही विचारलं नाही. म्हणाले, "तुमच्याकडचा जनावर कंचा?"

हे गोंधळले. "म्हैस होती. विकली."

"तसा नाय हो! तुमच्या जिल्ह्याचा जनावर. जिल्ह्याचा नाव घेतला का डोळ्यांपुढं उभा राहतो, तो."

तेव्हा माझं लक्ष चाळीकडे गेलं. समोरासमोर दोन रांगांत आठ खोल्या, आणि एकीलाही नंबर नाही. प्रत्येक भाडेकरूच्या दारावर तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा ठोकलेला, आणि त्यावर एकेक जनावर. कोल्हापूरवाल्यांच्या दारावर गवा, रत्नागिरीवाल्यांच्या दारावर कासव, बीडवाल्यांचा मोर, नगरवाल्यांचं काळवीट. जुन्नरकडच्या एका कुटुंबाला शेकरू मिळालं होतं आणि ती बाई "आमचं राज्याचं जनावर आहे म्हटलं" असं सांगत नळावर सगळ्यांच्या पुढे हंडा लावायची. सगळी जनावरं मालकांनी स्वतः रंगवलेली. हात असा की गवा पेटीसारखा दिसायचा आणि मोर रागावलेल्या कोंबडीसारखा. डोळे मात्र सगळ्यांचे माणसाचे होते, पापण्यांसकट.

"एका जिल्ह्याला एक खोली," मालक म्हणाले. "दोन आले का भांडतात. कोल्हापूर झाला माझा, रत्नागिरी झाला, बीड झाला, सोलापूर झाला..."

सोलापूर झालं होतं! समोरच्या दारावर माळढोक उभा होता, उंच मानेचा, फुगलेल्या पोटाचा, सासऱ्यांसारखा. हे सरळ मनाचे. "बरं, येतो मग," म्हणून पिशवी उचलायला वाकले. माझ्या डोळ्यांपुढे उद्याचा चहाचा कप आला.

"आम्ही चंद्रपूरचे," मी म्हणाले. "आमचा वाघ."

परत येताना यांनी रस्ताभर डोकं धरलं. "अगं, खोटंच बोलायचं होतं तर जवळचं लातूर तरी म्हणायचं! निदान बोलणं तरी जुळलं असतं. चंद्रपूर कशाला?" मी म्हटलं, सुचलं ते बोलले. तेही खोटंच. खरं कारण सांगायची लाज वाटली होती. मला दारावर वाघ पाहिजे होता! वीस वर्षांची मी, काडीसारखी, सासरी कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि माहेरचं जनावर कोणतं, तर पक्षी असून चालत फिरणारा माळढोक. मला मनातून त्याची लाजच वाटायची. वाघ म्हटलं की कसं, बाईसुद्धा जरा उंच दिसते. आता आरशात बघते तेव्हा त्या पोरीला दोन टपल्या माराव्याशा वाटतात; पण तिचा फोटो बघितला की वाटतं, जाऊ दे, उपाशी होती बिचारी.

खोली मिळाली आणि मालकांनी पाटी रंगवून ठोकली; वाघाला मिशा जरा जास्त झाल्या होत्या. मी त्या पाटीखाली उभी राहिले आणि "वाघीणबाय" झाले.

मालक कोणालाच नावाने हाक मारत नसत. "ओ कासव, तुमच्याकडं पाव्हणे आलेत." "गव्याची सून कुठं गेली?" पोस्टमनसुद्धा शिकला होता, "काळवीट, सही करा," म्हणून ओरडायचा. सकाळी दार उघडलं की मालकांचा एकच प्रश्न, "वाघ बरा हाय ना?" म्हणजे माहेरचं सगळं ठीक ना. मी म्हणायची, "बरा आहे." माझ्या माहेरच्या म्हशी, भाऊ, वडील, सगळे त्या एका वाघात कोंबलेले असायचे.

त्यांनी स्वतः आयुष्यात प्रवास असा केलाच नाही. एका बाजूला वाणगाव, दुसऱ्या बाजूला पालघर, एवढंच त्यांचं जग. त्यापुढे गाडीत बसलं की पोट ढवळायचं. एकदा शिरगावच्या किल्ल्यावर चढले, समुद्राकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि "बस, पुरे झाला एवढा," म्हणून उतरले. बाकीचा महाराष्ट्र त्यांनी भाडेकरूंवाटे घरी आणवून घेतला होता. गडचिरोलीच्या रानम्हशीसाठी एक खोली त्यांनी कित्येक महिने रिकामी ठेवली. ठाण्याचा एक साहेब आला तर त्याला म्हणाले, "ठाणं तर मीच हाय." तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता, आपण सगळे ठाण्याचं शेपूट होतो.

पण त्यांच्या स्वतःच्या दारावर पाटीच नव्हती. विचारलं तर वैतागायचे. "मासा घातला तर डोंगरवाले बोलतील, आमी काय मेलो? वाघोबा घातला तर समुद्रवाले बोलतील. आन बोंबील घातला तर आमची बायको घरात घेनार नाय." परवा नातीने पुस्तकातून वाचून दाखवलं, पापलेट आता राज्याचा मासा झालाय. तो मान मिळाला हे ऐकायला मालक नव्हते. असते तर पाटीसाठी पत्रा कापायला घेतला असता, आणि मग वाघोबाच्या भीतीने तसाच ठेवून दिला असता.

लोक त्यांना वेडा म्हणायचे. मीही म्हणायची, यांच्याकडे, हळूच. पण एका पावसाळ्यात रेडिओवर सांगितलं, कोल्हापूरला पूर आलाय. कोल्हापूरवाला पाळीवर गेलेला, त्याची बायको पदर तोंडात धरून दारात बसलेली. मालक स्वतःची छत्री घेऊन आले आणि त्यांनी ती गव्याच्या पाटीवर सुतळीने बांधली. पाणी उतरल्याची बातमी येईपर्यंत छत्री तिथेच, आणि मालक भिजत फिरत होते.

मग एक वर्ष सोलापुराकडे पाऊसच झाला नाही. माझ्या भावाचं पत्र आलं, विहीर कोरडी पडली, गुरं छावणीत नेली. त्या दिवसापासून मालक रोज सकाळी तांब्याभर पाणी आणून समोरच्या माळढोकावर शिंपडायचे. "घे बाबा, घे," म्हणायचे. त्या खोलीतली बाई दारात उभी राहून डोळे पुसायची. मी माझ्या दारात, वाघाखाली, कोरडी ठक्क उभी. ते पाणी शिंपडून वळायचे आणि मला हसून विचारायचे, "वाघ बरा हाय ना? तुमच्याकडं जंगल हाय, पाऊस असेल."

"आहे," मी म्हणायची. "भरपूर आहे."

त्यांचा एक सण होता. दिवाळीच्या आधी वाघबारस येते. डोंगराकडच्या पाड्यांवर त्या दिवशी वाघोबाला पूजतात, म्हणून तो दिवस. सगळ्या भाडेकरूंना अंगणात बसवायचं, मालकीणबाईंनी चुलीवर केलेली तांदळाची खीर द्यायची, आणि प्रत्येकाने आपल्या जनावराची एक गोष्ट सांगायची. मालक डोळे मिटून ऐकायचे. आणि दुसऱ्या दिवशी वाण्याकडे तीच गोष्ट अशी सांगायचे, जसं काही स्वतः तिथे जाऊन आले. "काल काय झाला, रत्नागिरीला कासवाची पिल्लं चालली होती, पायांखाली येतील म्हणून मी पाऊलच उचलला नाय."

मी काय सांगणार? पहिल्या वर्षी माझा वाघ शाळेत शिरला आणि मी त्याला पाटी मारून हाकललं. दुसऱ्या वर्षी तो आमच्या हौदावर पाणी प्यायला आला आणि आजीने त्याला "शुक शुक" केलं. तिसऱ्या वर्षी तर मी त्याच्या पाठीवर बसायचीच बाकी राहिले होते. पोरं टाळ्या पिटायची. रानभाजी विकायला डोंगराकडून एक म्हातारी यायची, ती तेव्हा खिरीला थांबली होती. माझी गोष्ट संपल्यावर तिने आधी माझ्या पाटीला हात जोडले आणि मग मला म्हणाली, "यो वाघ्या तुजा हाय ना? मंग त्याचा नाव घेऊन हसू नको, बाय."

मी त्यावरही हसले. किती मूर्ख असावं माणसानं!

पुढे सोलापूरवाल्यांनी स्वतःचं घर घेतलं आणि माळढोकाची खोली रिकामी झाली. मालक पाटीवरची धूळ पुसत सोलापूरकराची वाट बघू लागले. खरी सोलापूरकरीण समोर कांदा चिरत बसली होती, पण तिला आता तोंड उघडता येत नव्हतं. पोटात पहिलं बाळ होतं. या दिवसांत खोली गेली तर जायचं कुठं?

अशात एका दुपारी मालक सायकलवर पीठ गिरणीत दळण घेऊन गेले असताना फाटकाशी एक जोडपं आलं. तो विशीतला पोरगा, डोक्यावर पत्र्याची पेटी. बायकोच्या कडेवर तान्हं बाळ. ती आली तशी भिंतीच्या सावलीत पेटीवर बसली. पोरगा म्हणाला, "ताई, इथं खोली भेटन का जी?"

ते 'जी' ऐकून माझ्या हातातला कांदा खाली पडला.

"कुठले तुम्ही?"

"चंद्रपूरचा आहो." त्याची नजर माझ्या दारावरच्या वाघावर गेली आणि चेहरा एकदम उजळला. "अरे वा! तुमीबी तिकडच्याच का जी? कोन्त्या तालुक्याच्या?"

"ताडोबा," मी ठणकावून सांगितलं.

ताडोबा तालुका नाही, जंगल आहे, हे मला पुढे कळलं. त्याला तेव्हाच कळलेलं होतं. "असं का," एवढंच म्हणाला. मग कपाळावरचा घाम पुसून हळूच म्हणाला, "ताई, खोली नसन तर तसं सांगा. दोन दिवस झाले, फिरून राह्यलो. लेकराले ताप आहे."

मी मनात हिशेब मांडला. मालक आले की याला विचारणार, जनावर कंचा. हा सांगणार वाघ. मालक म्हणणार, चंद्रपूर झाला माझा, आणि हा पेटी उचलून चालता होणार. किंवा आनंदाने मला हाक मारणार, ओ वाघीणबाय, तुमच्या गावचा मानूस आला, बोला त्याच्याशी! मग चालती होणार मी. खोली त्याच्या जिल्ह्याची, आणि बसले होते मी. आता मी म्हातारी झालेय तेव्हा सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला आधी माझीच काळजी वाटली. बाळाचा ताप नंतर ऐकू आला.

मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगून टाकलं. चाळीचा नियम, पाट्या, माझी चोरी. तो खो खो हसायला लागला. बायकोला हाक मारून म्हणाला, "अवो, या ताईनं आपला वाघ पळवला!" तीही हसली. ताप आलेल्या बाळाला मांडीवर थोपटत हसली.

"आता तुम्ही सोलापूरचे व्हा," मी म्हटलं. "मालक यायच्या आत."

"अन् मले काय म्हाइत सोलापूरचं?"

मग मी सांगायला लागले. आधी नुसतं कामापुरतं: माळढोक केवढा, कुठे राहतो, कसा चालतो. पण तोंडाला गाव लागल्यावर थांबेना. पिवळं पडलेलं गवत, वडिलांची भाकरी घेऊन जायची वाट. एकदा कुळव चालू असताना पुढे उघड्या मातीत एकच अंडं दिसलं. घरटं नाही, आडोसा नाही, नुसतं जमिनीवर. वडिलांनी बैल थांबवले, कुळव दोन्ही हातांनी उचलला, अंड्यावरून पलीकडे नेला आणि मग टेकवला. त्या वर्षी आमच्या शेतात तेवढा घासभर तुकडा पडीक राहिला होता. चुलते हसले, तर वडील म्हणाले, "तिचंबी रानच हाय की हे." एवढी वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कोणाला? मी तर वाघवाली होते.

"आता तुमचा सांगा," मी म्हटलं. "माझी ही तीन वर्षं नुसती थापांत गेली."

त्याचं हसू हळूहळू कमी झालं. "आमच्याकडं त्याचं नाव घेत नाई, ताई. 'तो' म्हनते." त्याची आई पहाटे मोहफुलं वेचायला जायची. गात जायची, म्हणजे जनावर असलं तर बाजूला होतं. एक दिवस फुलं वेचताना मान वर केली, तर तो समोर. तिचं गाणं घशात थांबलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तिच्या टोपलीशेजारून, अंगाला वारा लागेल इतक्या जवळून, चालत निघून गेला. आईला ओरखडाही नाही. घरी आली, टोपली खाली ठेवली. "पन त्या दिवसापासून माय घरात मोठ्यानं बोलत नाई. गानं तं राह्यलंच. इकडं निघालो तं दारात आली, तोंड हाललं, आवाज नाई. काय म्हनली, मले समजलंच नाई."

मालकांच्या सायकलची घंटी वाजली.

परीक्षा ओंडक्याजवळ झाली. "तुमचा जनावर कंचा?"

"माळढोक जी."

"जी?" मालकांनी कानावरचा ब्रश काढला. "सोलापूरवाले कवापासून 'जी' बोलायला लागले?"

"सासुरवाडी नागपूरची आहे," पोरगा म्हणाला, आणि मी दाराआड तोंडात पदर कोंबला.

त्यांना खोली मिळाली. बाळाचा ताप उतरला. आणि मग वाघबारस आली.

यांची दुसरी पाळी होती, म्हणून मी एकटीच अंगणात बसले. खीर झाली. गवा झाला, शेकरू नेहमीप्रमाणे लांबलं, मोर झाला. माळढोकाची पाळी आली. पोरगा उठून उभा राहिला आणि माझं गाव सांगायला लागला. कुळव, अंडं, उचललेला कुळव. 'जी' लावून, 'न्हाई'ला 'नाई' करून, पण एक शब्द न बदलता. "तिचंबी रानच हाय की हे," एवढं मात्र त्याने अगदी आमच्याकडच्यासारखं म्हटलं. चुलीचा धूर त्या वेळी नेमका माझ्याच बाजूला येत होता.

मग माझी पाळी. पोरं आधीच टाळ्या वाजवून तयार. मी उभी राहिले आणि सांगितलं, "आमच्याकडं त्याचं नाव घेत नाहीत." पहाट, मोहाची फुलं, गाणं, टोपली. तो बाजूने चालत गेला. ती घरी आली आणि नंतर कधी मोठ्याने बोलली नाही. दारात ओठ हलले ते काय म्हणाली, ते कळलं नाही. एवढं सांगून मी खाली बसले. टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. तो पोरगा खाली मान घालून बाळाच्या टोपडीची नाडी बांधत होता. सुटलेली नसताना बांधत होता. मालकांनी डोळे मिटलेले नव्हते. ते पहिल्यांदाच उघडे होते.

खीर संपली, सगळे उठले.

सकाळी दार उघडलं तर मालक माझ्या उंबऱ्याशी उभे. कानावर ब्रश नव्हता, हातात पक्कड होती. वर वाघाच्या पाटीचे दोन खिळे त्यांनी आधीच सैल केले होते. माझा हात आपोआप पोटावर गेला. समोरच्या दारात तो पोरगा आणि त्याची बायको उभी, तीही पांढरी पडलेली. मला मित्राच्या आईचा चहाचा कप दिसायला लागला. मी म्हटलं, "मालक, मी सांगते..."

त्यांनी पक्कड हलवून मला गप्प केलं. एकदा माझ्या वाघाकडे बघितलं, एकदा समोरच्या माळढोकाकडे, आणि म्हणाले:

"काल माळढोकाची गोष्ट चालली होती, तवा रडत होता तुमी. आन वाघाची चालली होती, तवा तो पोरगा रडत होता. आता सांगा, बाय, पाट्या बदलायच्या, का खोल्या?"